नायट्रो बोटीचा वेग कुठून येतो?

एनसीसीच्या नौदल शाखेतल्या कॅडेट्सना जहाजांच्या प्रतिकृती नवीन नाहीत. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्यांची स्पर्धाच असते. पण आमच्या मॉडेल क्लबाकडे आहे ती नायट्रोवर पळणारी रेडिओ-कंट्रोल हायड्रोप्लेन बोट. इंजिन साडेतीन सीसी, आवाज मात्र बुलेटला लाजवेल असा. यंदा ती क्लबांच्या शर्यतीत उतरवायची ठरली आणि वाद सुरू झाला. पैसे एकाच सुधारणेपुरते आहेत. बहुतेकांना जास्त नायट्रोचं इंधन हवंय, मला नवा पंखा, म्हणजे प्रॉपेलर हवाय. का, ते सांगतो.

आधी इंधन. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल असतं. हे तेल पुष्कळदा एरंडेलच असतं. (शर्यतीनंतर कपड्यांना येणारा वास त्याचाच.) 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण 6.5 किलो आणि नायट्रोमिथेनला फक्त 1.7 किलो, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. गंमत म्हणजे किलोमागे नायट्रोमिथेन पेट्रोलच्या जेमतेम चौथा हिस्सा उष्णता देतं. मग फायदा काय? इंजिनाची खरी अडचण हवेची आहे. पिस्टन एका वेळी ठरावीकच हवा आत घेऊ शकतो. त्या हवेच्या हिशेबाने पाहिलं तर 1 किलो हवेमागे पेट्रोल किंवा मिथेनॉल सुमारे 3 मेगाजूल देतं आणि नायट्रोमिथेन साडेसहाच्या आसपास. म्हणून ताकद वाढते.

पण इंधनही तितकंच जास्त पितं, म्हणजे टाकी लवकर रिकामी. आणि प्लग जळायला लागतात. या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची वाफ आली की तार तापलेली राहते आणि तीच पुढचा स्फोट घडवते. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने 1947 मध्ये असे प्लग बाजारात आणले. त्याआधी मॉडेलवाल्यांना बॅटरी आणि कॉइलचं ओझं बोटीत वाहावं लागे.

चेन्नईची हवा हा वेगळाच प्रतिस्पर्धी आहे. उकाड्यात हवा विरळ होते, शिवाय तिच्यात वाफ भरलेली. म्हणजे ऑक्सिजन कमी आणि त्या मानाने इंधन जास्त. मग नीडल किंचित आवळावी लागते. डिसेंबरच्या सकाळी तीच नीडल सैल करायची, नाहीतर इंजिन कोरडं पळून पिस्टन खराब होतो. मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसत राहिली की मी निश्चिंत असतो. मिथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून डबा वापरला की लगेच घट्ट बंद.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मिथेनॉल हे विष आहे. 2024 च्या जूनमध्ये याच राज्यात, कल्लकुरिचीला, मिथेनॉल मिसळलेल्या दारूने 60 हून अधिक माणसं गेली. आमचा डबा कुलपात असतो, किल्ली सरांकडे, आणि हातमोज्यांशिवाय कुणीही इंधन भरत नाही. यावर आमच्यात वाद नाही.

आता माझा मुद्दा. हायड्रोप्लेन वेगात आली की पुढचे दोन पाय (स्पॉन्सन) आणि मागचा पंखा एवढ्या तीनच जागी पाण्याला टेकते. पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. 1950 मध्ये सिएटलच्या ‘स्लो-मो-शन 4’ या बोटीने याच युक्तीने माल्कम कॅम्पबेलचा 1939 चा ताशी 228 किमीचा विक्रम थेट 258 वर नेला. म्हणजे पंखा हा इंजिनाचा शेवटचा दात आहे, तो बोथट असेल तर आतली ताकद पाणी घुसळण्यात जाते. हिशेब करून बघा. 42 मिमी व्यासाचा पंखा, पिच व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे 59 मिमी. मिनिटाला 20,000 फेरे धरले तर ताशी 70 किमी. हे कागदावर. पंखा पाण्यात घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी. पाती धारदार आणि समतोल असली तर घसरण घटते, आणि त्यासाठी दर रविवारी नवा डबा विकत घ्यावा लागत नाही.

नुसती ताकद वाढवण्याची मला धास्तीही वाटते. माल्कमचा मुलगा डोनाल्ड 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन तलावावर ताशी 300 मैलांच्या पुढे होता. ‘ब्लूबर्ड’चं नाक उचललं गेलं, खाली हवा शिरली, बोट उलटली आणि तो गेला. आमची बोट वाऱ्याच्या दिवशी नेमकी तशीच उलटते. तिचा तोल बॅटरी आणि रिसीव्हर पुढे सरकवून सुधारता येतो, आणि ते फुकट आहे.

सिनियर्सना हे अजून पटलेलं नाही. एक धार लावलेला पंखा उसना मिळाला आहे. सरांनी तळ्याकाठी 100 मीटरवर दोन काठ्या रोवायला सांगितल्या आहेत. जुन्याच इंधनावर दोन्ही पंखे, प्रत्येकी पाच फेऱ्या, स्टॉपवॉच ज्युनियरच्या हातात.