प्राणवायू होता, वाहन नव्हते

मोठ्या आपत्तीत औषधसामग्री अपुरी पडली की उत्पादनच कमी झाले, असा सर्वसाधारण समज होतो. परंतु कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, नाशिकला हवा असलेला प्राणवायू विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात उपलब्ध होता, आणि खरी अडचण तो वेळेत आणण्याची होती. एक लिटर द्रवापासून साडेआठशे लिटरांच्या आसपास वायू मिळत असल्याने प्राणवायू द्रवरूपात नेणे सोयीचे असते. मात्र त्यासाठी सुमारे उणे 183 अंश सेल्सिअस तापमान राखणारे, दुहेरी भिंतींचे क्रायोजेनिक टँकर लागतात, आणि ते देशात मोजकेच होते. त्यामुळे प्रत्येक टँकरच्या फेरीचा वेळ वाचवणे हाच सर्वांत तातडीचा उपाय ठरला.

कोकण रेल्वेवर 1999 पासून मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेल्या जातात. त्याच ‘रो-रो’ पद्धतीने 19 एप्रिल रोजी सात रिकामे टँकर कळंबोलीहून निघाले. वाघिणीची उंची 1,290 मिलिमीटर होती, आणि तिच्यावर 3,320 मिलिमीटरपेक्षा उंच टँकर ठेवल्यास विजेच्या तारा, बोगदे व पूल यांच्याखालून गाडी सुरक्षित जाणार नव्हती. घाटातील या मर्यादांमुळे जवळचा मार्ग सोडून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेणे भाग पडले. परतीच्या प्रवासात तीन टँकर नागपूरला उतरवण्यात आले आणि उरलेले चार 24 एप्रिलला नाशिकला पोहोचले. असे बारीकसारीक मोजमाप संकट येण्याआधीच कागदावर तयार असणे, हेच पुरवठ्याच्या नियोजनाचे मर्म होय.

मात्र गाडी स्थानकात आली म्हणजे पुरवठा झाला, असे मुळीच नाही. त्याआधी तीनच दिवस, 21 एप्रिलला, नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा दाब घटला आणि किमान 22 रुग्णांनी प्राण गमावले. तेथे प्राणवायू रुग्णालयाच्या आवारात होता, तरीही खाटेपर्यंत पोहोचला नाही. म्हणून झडपा, नळ्या, राखीव सिलिंडर आणि रात्रपाळीतील प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तजवीजही वाहतुकीच्या आराखड्यातच हवी.

पुढे अनेक रुग्णालयांत हवेतील नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करणारी पीएसए संयंत्रे बसवण्यात आली, त्यामुळे टँकरवरील भार हलका झाला; परंतु ती विजेवर चालतात, आणि महापुरात किंवा भूकंपात वीजच आधी जाते, म्हणजे जनित्र, त्याचे डिझेल आणि ते आणण्याचा रस्ता यांचा हिशेब पुन्हा मांडावाच लागतो.