समुद्रतळाखालची ऊब

थंडीत तुपाची बरणी उघडली की तूप थिजलेले दिसते. उन्हाळ्यात तेच पातळ होते. घरात तापमापक नसला तरी तुपाकडे पाहून गारठ्याचा अंदाज येतो. समुद्रतळाखाली पृथ्वीची ऊब किती, हे शास्त्रज्ञ अशाच युक्तीने ओळखतात.

पण ही ऊब मोजायची तरी कशाला? जपानच्या दक्षिणेस नानकाई नावाचा समुद्रातला खोल चर आहे. तेथे समुद्राखालचा भूपट्ट जपानखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. मधेच खडक अडकून बसतात, ताण साठतो आणि एके दिवशी ते निसटतात. ७ डिसेंबर १९४४ आणि २१ डिसेंबर १९४६ रोजी तेथे असे मोठे भूकंप झाले. दोन्ही वेळा हजारावर माणसे दगावली. खडक कोठे अडकणार, हे पुष्कळसे उष्णतेवर ठरते. साधारण १०० ते १५० अंशांपासून ३५० अंशांपर्यंतचा पट्टा धोक्याचा. त्याहून तापलेला खडक मऊ पडून सावकाश सरकतो.

तळाच्या गाळात तापमापकाची सळई खुपसता येते. पण ती काही मीटरच आत जाते, आणि दर ठिकाणी जहाज थांबवावे लागते. येथे निसर्गाचे तूप कामी येते. थंडी आणि दाब मिळाला की मिथेन वायू व पाणी मिळून बर्फासारखे थिजतात. गाळात खाली जावे तशी उष्णता वाढते. एका खोलीवर हा बर्फ टिकत नाही. त्याखाली मोकळा वायू असतो. जहाजावरून सोडलेला आवाज या सीमेवर आपटून परततो, विहिरीत घातलेल्या हाकेसारखा.

आता हिशेब पाहा. समजा, पाणी २,००० मीटर खोल आहे. तळाचा प्रतिध्वनी आल्यावर अर्ध्या सेकंदाने सीमेचा आला. गाळात आवाज सेकंदाला १,६०० मीटर जातो असे धरले, तर जाऊन-येऊन ८०० मीटर. म्हणजे सीमा ४०० मीटर खाली. तेवढ्या दाबाखाली हा बर्फ सुमारे १८ अंशांवर वितळतो, हे प्रयोगशाळेत ठाऊक झालेले आहे. तळाशी पाणी २ अंशांचे. म्हणजे ४०० मीटरांत १६ अंश वाढले. गाळातून उष्णता किती सहज वाहते हे धरून हिशेब केला, तर दहा गुंठ्यांतून जेमतेम चाळीस वॅटच्या एका दिव्याइतकी ऊब वर येते!

नानकाईची ऊब यामानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याच रीतीने काढली. अर्थात हा अंदाजच. आवाजाचा वेग चुकला, किंवा भेगांतून गरम पाणी वर आले, तर उत्तरही चुकते. भूकंप कधी होईल, हे तर यातून मुळीच कळत नाही. तो कोठवर पसरू शकेल, एवढे कळते.

ही दूरच्या जपानची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यालगत भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. त्या मकरानच्या समुद्रतळाची ऊबही याच युक्तीने अजमावली गेली आहे.