पेशीतील सांडशी

मनुष्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे सूत्र असते. एका पेशीतील हे सूत्र उलगडून सरळ केले, तर ते सुमारे २ मीटर लांब भरते. कोणते प्रथिन निर्माण करावयाचे, याच्या आज्ञा त्यावर जनुकांच्या रूपाने असतात. सर्व पेशींजवळ आज्ञा बहुधा त्याच. परंतु डोळ्यातील पेशी त्यांपैकी काही पाळते, तर यकृतातील पेशी निराळ्या. कोणते जनुक उघडावे व कोणते मिटलेले ठेवावे, हे काही प्रथिने डीएनएला बिलगून ठरवितात. त्यांना नियामक प्रथिने म्हणतात.

मग या नियामकांनी डीएनएला केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे? पुण्यात गणेशखिंडीजवळ, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. संजीव गलांडे व त्यांचे सहकारी यांनी ‘सॅटबी-१’ या प्रथिनाच्या बाबतीत या प्रश्नाचा शोध घेतला. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि तेथे हे प्रथिन विपुल आढळते. ज्या उंदरांत ते मुळीच नव्हते, त्यांच्या टी-पेशींची वाढ अर्ध्यावरच खुंटली. ती बिचारी पिले जेमतेम तीन आठवडे जगली.

स्वयंपाकघरातील सांडशी पाहा. तिचे दोन पाय खिळ्याने जोडलेले असतात, म्हणूनच तापलेले पातेले उचलता येते. खिळा निसटला, की पाय हातात राहतात आणि पातेले चुलीवर! सॅटबी-१चेही तसेच आहे. त्याचा एकटा रेणू डीएनएला घट्ट धरू शकत नाही. दोन रेणू आपापल्या एका टोकाने एकमेकांत गुंतले, म्हणजेच पकड पक्की बसते, असे या प्रयोगशाळेने २००८ साली दाखविले. (अशा दोन जोड्यांची चौकडीही होते, हे मागाहून कळले.) गंमत अशी, की डीएनएला धरणारे भाग या टोकाहून वेगळेच असतात. टी-पेशीचा अंतकाळ जवळ आला, की एक विकर नेमके हे टोक छाटून टाकते. धरणारे भाग शाबूत राहूनही पकड सुटते. ही गोष्ट गलांडे यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह काम करीत असता, २००१ मध्येच उघडकीस आणली होती.

पण प्रत्येक वेळी सांडशी मोडून कसे चालेल? पेशीजवळ त्याहून सौम्य उपाय आहे. सॅटबी-१वर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटलेला असला, की ते डीएनएला धरून राहते व जनुके मिटवणाऱ्या प्रथिनाला जवळ घेते. टी-पेशीला शत्रूची चाहूल लागताच हा गट निघून जातो. मग दुसरे एक विकर त्या जोडणाऱ्या टोकावरच ॲसिटिल गट बसविते आणि पकड ढिली होते. हे पुण्यातील संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. पकड ढिली होताच ‘इंटरल्युकिन-२’चे मिटलेले जनुक उघडते. त्यापासून निर्माण होणारे प्रथिन टी-पेशींना वाढण्याचा संदेश देते, आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी त्यांची फौज उभी राहू लागते.