पर्जन्यछायेतील अंगण

सह्याद्रीच्या माथ्यावर आपला जलभार बहुतांशी रिता करून पूर्वेकडे निघालेले मेघ शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या आकाशात पोहोचतात, तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे उरलेले नसते. वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही ऐन श्रावणात दीर्घ खंड घेणारा आणि भाद्रपद-आश्विनात एकाएकी कोसळणारा पाऊस ज्यांच्या वाट्याला येतो, त्या तालुक्यांची सरकारी दप्तरातील नोंद ‘अवर्षणप्रवण’ अशी असावी यात नवल नाही. हे वाळवंट नव्हे हे खरे; परंतु वैशाखातील दुपारी पारा 40 अंशांच्या घरात गेला म्हणजे घोडनदीकाठच्या माळरानावर उभे असणाऱ्या माणसाला हा भेद फारसा जाणवत नाही. तरीही नवे घर बांधणारा येथील गृहस्थ पुण्यातील बंगल्यांच्या अनुकरणाने आधी हिरवळ मंजूर करतो आणि झाडांची तजवीज उरलेल्या कोपऱ्यांत लावतो. अंगणाचा नकाशा काढण्यापूर्वी वैशाखातील पाण्याचा जमाखर्च मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, वर्षाला 40,000 लिटर पाणी वाहून जाते. त्यातले 10,000 लिटर टाकीत अडवले, तर फाल्गुनापासून मृगापर्यंतच्या शंभर दिवसांत रोज 100 लिटर हाती राहतात. उलट 50 चौरस मीटरची हिरवळ त्या दिवसांत रोज अडीचशे लिटर तरी पिऊन टाकते, आणि तिच्यावर बसायला सूर्यास्तापूर्वी कोणी धजत नाही! आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळ लावली, ती शोभेसाठी नव्हे. घरातील सांडपाण्याचा तो चोख बंदोबस्त होता.

पाण्याखालोखाल विचार उन्हाचा. मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि पुढे जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणून दक्षिणेला दाट झाडी लावून उन्हाळ्यात काही साधत नाही, उलट थंडीतील हवेसे ऊन मात्र अडते. घर तापते ते पश्चिमेच्या भिंतीवरून. त्या बाजूस कडुनिंबासारखा दुसरा रखवालदार नाही. माघ-फाल्गुनात तो पाने झाडतो आणि गुढीपाडव्याला कोवळी पालवी घेऊन उभा राहतो, म्हणजे सावली नेमकी हवी तेव्हा हजर. करंजाचीही रीत बरीचशी अशीच. गुलमोहर दिसतो देखणा, पण ऐन उन्हाळ्यात त्याच्या फांद्या बऱ्याच उघड्या असतात आणि वळवाच्या वाऱ्यात त्या मोडतात. चिंचेचा विस्तार पाहायचा तर शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावी जावे. लहान अंगणात तिचा हव्यास धरू नये.

फळझाडे निवडताना मी एकच प्रश्न विचारीन: हे झाड उन्हाळा कसा काढते? सीताफळ पाने गाळून स्वस्थ राहते, बोरही त्या काळात विश्रांती घेते; दोघांना जगवण्यापुरते पाणी पुरते, आणि फळ येते ते पाऊस पिऊन झाल्यावर. लिंबाला मात्र उन्हाळ्यातही पाण्याची पाळी चुकवता येत नाही, म्हणून त्याची जागा टाकीजवळ. शेवगा कोठेही येतो. आंब्याचा मोह ज्याला आवरत नसेल त्याने एकच लावावा.

जमिनीचेही दोन स्वभाव येथे आहेत. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तेथे तीन फूट खड्डा घेऊन तळ्यातील गाळ आणि शेणखत भरल्याशिवाय मूळ खाली उतरत नाही. दौंडकडील भीमेच्या आणि कालव्याच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे, परंतु अतिसिंचनाने काही ठिकाणी ती क्षारपड झाली असून विहिरीचे पाणीही मचूळ लागते. अशा जागी गुलाबाचा नाद सोडून बोर, करंज आणि कण्हेर यांच्याशी सख्य करावे. याच पट्ट्यात उसाचे पाचट शिवारात पेटवून देण्यात येते. ते गाडीभर आणून झाडांच्या आळ्यात चार बोटे जाड पसरले तर ओल टिकते, तण कमी होते. रोपाशेजारी न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून झाकून ठेवले की पाणी पाझरत थेट मुळांपाशी जाते. नव्या ठिबक नळ्यांचे काम हे मडके फार पूर्वीपासून करीत आले आहे.

लावणी मृगातच करावी असा संकेत आहे, पण तो घाटमाथ्याकडच्या पावसाला शोभतो. येथे मृगात लावलेले रोप पुढच्या खंडात सापडते आणि टाकी भरण्याआधीच तिच्यावर हक्क सांगू लागते. खड्डे वैशाखात घेऊन उन्हात तापू द्यावेत, मृगाच्या पावसात ते भरून माती बसू द्यावी, आणि रोपे पोळ्याच्या सुमारास लावावीत; पुढे उत्तरा आणि हस्ताचा पाऊस असतो, त्यामागून थंडी, आणि पहिल्या कसोटीच्या उन्हाळ्याला अजून सहा महिने अवकाश असतो.