वैद्यकीय समाजसेवा : औषधचिठ्ठी आणि घर यांमधील दुवा



रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे काम म्हणजे गरिबांची बिले कमी करून देणे, असा सर्वसाधारण समज आहे. ते काम या विभागाकडे असते हे खरे. परंतु ते त्याच्या कार्याचे केवळ एक अंग होय. या व्यवसायाचे स्वरूप आपणांसमोर मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

सेवावृत्ती आपल्याकडे प्राचीन आहे. व्यवसाय म्हणून तिचे पद्धतशीर शिक्षण मात्र १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेपासून आरंभ पावले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय समाजसेवकाचाही समावेश आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या व्यवसायाची कसोटी लागते. १६ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या, आणि भाषा अनेक. कोलाम पोडावर कोलामी, गोंड वस्तीत गोंडी, तांड्यावर गोरमाटी, तर तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगूही कानी पडते. डॉक्टरांनी मराठीत सांगितलेल्या प्रत्येक वाक्याला रुग्ण 'हो' म्हणतो. त्याला ते कळले असेलच असे नाही. म्हणून समाजसेवक "समजले का?" असे विचारून थांबत नाही. "घरी गेल्यावर कोणती गोळी केव्हा घ्याल, ते सांगा पाहू," असे म्हणतो. चूक तेथेच उघड होते आणि तेथेच दुरुस्तही होते.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. परंतु काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, मजूर कामावर जातो आणि गोळ्या सुटतात. अर्धवट उपचाराने रोग उलटतो, प्रसंगी औषधांना दाद देईनासा होतो. कुटुंब हंगामी कामासाठी परगावी जाणार असेल, तर तेथील केंद्रात उपचार वर्ग करून घेणे आणि शासनाकडून पोषणासाठी मिळणाऱ्या रकमेकरिता बँक खाते जोडून देणे, ही कामे समाजसेवकाची. ही रक्कम २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे.

सिकलसेलच्या बाबतीत समुपदेशन अधिक नाजूक असते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष सुनेच्या माथी मारला जाऊ नये, यासाठी हे गणित सासरच्या मंडळींनाही समजावून सांगावे लागते.

२०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. अशा वेळी रुग्णाचे नाव, त्याने फवारलेल्या औषधाचा डबा आणि त्याचे नातेवाईक शोधणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. विष स्वतःहून घेतलेल्या रुग्णाचे कुटुंबीय पोलिसांच्या भीतीने सत्य दडवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार असा रुग्ण तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते व शासनाने त्याची काळजी घ्यावयाची असते. हे सांगितल्यावर पुष्कळदा घरातील माणसे बोलू लागतात. घरी परतल्यानंतरही त्याची विचारपूस करीत राहणे अगत्याचे असते.

आता आर्थिक बाजू. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असून, ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तथापि उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका हाती नसलेला रुग्ण दारातूनच परतला, तर त्या खाटा रिकाम्या राहतात आणि निधी पडून राहतो. खरा हक्कदार हुडकून त्याची कागदपत्रे पूर्ण करून देणे, हे समाजसेवकाचे कर्तव्य आहे.

शस्त्रक्रियेचा खर्च पत्रकात दिसतो. वेळेवर घेतलेली गोळी, टळलेला दुसरा विषप्रसंग, न मोडलेला संसार यांस तेथे रकाना नाही. मध्येच सुटलेला उपचार मात्र संस्थेचा खर्च वाया घालवितो आणि रुग्णाचे आयुष्य पणास लावतो. म्हणून आपण यंत्रसामग्रीसाठी जसा हात सढळ ठेवता, तसाच प्रशिक्षित समाजसेवकांच्या वेतनासाठी व गावभेटींच्या खर्चासाठीही ठेवावा, ही नम्र विनंती.