स्पितीला जायचे, तर दोन दिवस अधिक हवेत

शनिवारी पहाटे निघायचे, पुढच्या रविवारी रात्री घरी पोहोचायचे आणि सोमवारी सकाळी नेहमीची लोकल पकडायची. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत सहलीची आखणी बहुधा याच हिशेबाने होते. पाच दिवसांची रजा आणि दोन्ही टोकांना शनिवार-रविवार, असे एकूण नऊ दिवस. केरळ किंवा राजस्थानसाठी हा हिशेब चोख आहे. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यासाठी मात्र तो तोकडा पडतो आणि ही उणीव एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

स्पिती मुंबईला अनोळखी नाही. मुंबईचे ज्येष्ठ गिर्यारोहक हरीश कपाडिया यांनी या खोऱ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघातर्फे होणाऱ्या गिरिमित्र संमेलनात हिमालयातील अनुभव ऐकायला डोंगरवेड्यांची गर्दी असते. परंतु जे खोरे पूर्वी प्रामुख्याने गिर्यारोहकांचे होते, तिथे आता आजी-आजोबा आणि लहान मुलांसह कुटुंबे जाऊ लागली आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांग खालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीकडून जाणारी वाट अधिकच सोपी वाटू लागली. गफलत होते ती इथेच.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, तर स्पितीचे मुख्य गाव काझा साधारण ३,७०० मीटरवर. मधली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच आहे. मनालीहून पहाटे निघालेला प्रवासी ही खिंड ओलांडून रात्री काझाला मुक्काम करतो, म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा सुमारे १,६५० मीटर अधिक उंचीवर झोपतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. जणू अख्खे कळसूबाई एका दिवसात पायाखाली घातले जाते. वैद्यकीय संकेत असा, की तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

काझाच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. पण हवेचा दाबच कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, मात्र त्याला वेळ लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही यातून सूट नाही. उलट, दमसास चांगला असलेली तरुण मंडळी घाई करतात आणि आजारी पडतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असेपर्यंत आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, फेसाळ कफासह खोकला सुरू झाला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तातडीने खाली उतरणे हाच खरा उपाय. प्राणवायू आणि औषधे त्याला हातभार लावतात, पर्याय ठरत नाहीत.

आणि नेमके खाली उतरणेच स्पितीत अवघड आहे. काझाहून मनालीकडे उतरायचे तर आधी कुंझुमच्या उंचीवर चढावे लागते. दुसऱ्या बाजूचे ताबो गाव सुमारे ३,२८० मीटरवर, म्हणजे काझापेक्षा अवघे चारशे मीटर खाली. त्याहून खूप खालचे रिकाँग पिओ गाठायला काझाहून जवळपास अख्खा दिवस लागतो. म्हणून सुरक्षितता काझाला पोहोचल्यावर नव्हे, तर मुंबईत आखणी करतानाच साधावी लागते.

यासाठी शिमल्याच्या बाजूने आत शिरावे आणि मनालीकडून बाहेर पडावे. शनिवारी सकाळच्या विमानाने चंडीगड आणि तिथून गाडीने नारकंडा (२,७०० मीटर). रविवारी कल्पा (२,९६० मीटर). सोमवारी तिथेच विश्रांती. मंगळवारी इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे ताबो. बुधवारी धनकर पाहून काझा. गुरुवारी की मठ आणि किब्बर, शुक्रवारी लांगझा, हिक्किम व कोमिक. ही गावे चार हजार मीटरच्या वर असली, तरी मुक्काम काझालाच. शनिवारी कुंझुम ओलांडून मनाली, रविवार राखीव, सोमवारी चंडीगड आणि मंगळवारी घर. एकूण अकरा दिवस, म्हणजे पाचऐवजी सात दिवसांची रजा. कुंझुम अचानक बंद झाली, तर राखीव रविवार वापरून आल्या वाटेने सोमवारी चंडीगड गाठता येते. रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी तीन-चार दिवस धरावेत. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० नव्हे, तर ६० दिवस आधी खुले होते.

महिना निवडताना शाळेची सुटी आड येते. कुंझुम साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुमारास बर्फाने बंद होऊ लागते. म्हणजे मे महिन्यात किंवा दिवाळीत जाणाऱ्यांनी शिमल्याकडूनच जाऊन-येऊन करण्याची तयारी ठेवावी. स्पितीत पाऊस कमी, हे खरे. पण तिथवर नेणारे रस्ते पावसाळी प्रदेशातून जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरमधील निगुलसरी येथे दरड कोसळून २५हून अधिक प्रवाशांचा बळी गेला. जुलै २०२३ मध्ये चंद्रताल येथे सुमारे तीनशे पर्यटक बर्फामुळे अडकून पडले होते. त्यामुळे जुलै-ऑगस्ट टाळून सप्टेंबर निवडणे उत्तम. तेव्हाही बर्फ पडू शकतो, म्हणून राखीव दिवस सोडू नये.

निघण्यापूर्वी कुटुंबाच्या डॉक्टरांना भेटावे. हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी त्यांच्या सल्ल्याविना निघू नये. उंचीसाठी दिले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषधही स्वतःच्या मनाने घेऊ नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगावे. भारतीय नागरिकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही. पण अमेरिकेहून आलेला, परदेशी पारपत्र असलेला भाऊ सोबत असेल, तर त्याला इनर लाइन परवाना घ्यावा लागतो. पुरेशी रोख रक्कम जवळ असावी.

शेवटची तयारी सामानाची नव्हे, माणसांची. ‘माझ्यामुळे सगळ्यांची सहल बुडेल’ या संकोचाने आजारी माणूस डोकेदुखी लपवतो आणि बाकीचे ‘होईल बरे’ म्हणून पुढे जातात. कुणालाही त्रास झाला तर सर्वांनी थांबायचे, थांबून बरे वाटले नाही तर परतायचे, हे घरातच ठरवून टाकावे. ज्याच्या शब्दावर गाडी मागे वळेल, अशा एका व्यक्तीचे नावही तेव्हाच निश्चित करावे. की मठाने कितीतरी शतके पाहिली आहेत. पुढच्या वर्षीही तो तिथेच असेल.