लोकांची समजूत कशी मोजतात?

ताप मोजायला तापमापी असते, वजन करायला तराजू असतो. पण एखाद्या औषधाविषयी लोकांना किती बरोबर माहिती आहे, हे कशाने मोजायचे? त्याचे साधन म्हणजे नेमका प्रश्न!

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने बारा देशांतील ९,७७२ लोकांना प्रतिजैविकांविषयी, म्हणजे अँटिबायोटिक औषधांविषयी, प्रश्न विचारले. त्यांत १,०२३ जण भारतातील होते. त्यांतले दोन प्रश्न पाहू. आधी आपापली उत्तरे मनाशी ठरवा.

पहिला प्रश्न : सर्दी आणि फ्लू प्रतिजैविकाने बरे होतात काय?

दुसरा प्रश्न : आपले शरीर प्रतिजैविकांना दाद देईनासे होते, म्हणून त्यांचा गुण येत नाही. हे खरे की खोटे?

पहिल्याचे उत्तर 'नाही' असे आहे. प्रतिजैविके जीवाणूंवर काम करतात. उदाहरणार्थ, पेनिसिलिनमुळे जीवाणूला आपली भिंत नीट बांधता येत नाही. सर्दी व फ्लू होतात विषाणूंमुळे, आणि विषाणूंना अशी भिंतच नसते! तरीही बारा देशांत मिळून ६४ टक्के, तर भारतात ७५ टक्के लोकांनी 'होय' म्हटले.

दुसरे विधान ७६ टक्के लोकांना खरे वाटले. ते खोटे आहे. बदलते ते शरीर नव्हे, जीवाणू! लाखो जीवाणूंत एखादा औषधातून निसटण्याजोगा असतो. बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. काही जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एकाचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होतील. गणित करून पाहा.

हा फरक शब्दांपुरता नाही. 'ही अडचण नेहमी प्रतिजैविके घेणाऱ्यांचीच' असे ४४ टक्के लोकांना वाटत होते. परंतु दाद न देणारे जीवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ज्याने कधी गोळी घेतली नाही, त्यालाही त्यांची बाधा होऊ शकते. मग साधी जखमही चिघळते आणि नेहमीचे औषध लागू पडत नाही. म्हणून प्रतिजैविक मनाने घेऊ नये, आणि बरे वाटताच मनाने बंदही करू नये. डॉक्टर सांगतील तसेच घ्यावे.

मात्र या मापनालाही मर्यादा होत्या. भारतातील उत्तरे इंटरनेटवरून घेतली होती. ज्यांच्याकडे ती सोय नव्हती, त्यांची समजूत मोजली गेलीच नाही. शिवाय बरोबर उत्तर देणारा प्रत्यक्षात तसाच वागतो, असेही नाही.

आता तुम्हीच हे मापन करून पाहा. शेजारच्या दहा घरांत पहिला प्रश्न विचारा. दुसऱ्या दहा घरांत तोच प्रश्न असा विचारा : 'सर्दीला प्रतिजैविक घ्यायचे नसते ना?' दोन्हीकडची उत्तरे वहीत शेजारी-शेजारी मांडा. 'ना' या एका अक्षराने काही फरक पडला काय?